पाच खोकी, एक रिकामी बॅग

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे हिंमतराव पाटलांनी, आजवर जेवढा प्रवास केला तो बहुतेक सगळा ओसरीवरच्या झोपाळ्यात बसून केला. मांडीवर निळ्या पुठ्ठ्याची वही, कानावर पेन आणि समोर तावडीत सापडलेला कोणीतरी पाहुणा. काशी, द्वारका, रामेश्वर, तिरुपती, सगळीकडे ते कागदावर जाऊन आलेत. कुठली गाडी कुठं बदलायची, कुठल्या स्टेशनावर जिना उंच आहे, कुठं हमाल उद्धट आहेत, हे त्यांना इतकं पाठ की शहाद्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीपेक्षा लोक त्यांनाच आधी विचारतात. प्रत्यक्षात ते गेलेत कुठं? सूरत, नाशिक आणि एकदा शेगाव. शेगावलाही गेले ते जीप दारात उभी राहिली आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना म्हणून.

मी कामिनी, त्यांची सून. अठरा वर्षं झाली या घरात. घरात आम्ही गुजरी बोलतो, गल्लीत अहिराणी, आणि डोकं तापलं की मला शाळेतलं मराठी सुचतं. हे सगळं मराठीत लिहितेय यावरून काय ते समजून घ्या.

आमचं गाव तापीच्या काठी, सारंगखेड्याच्या पुलापासून जवळ. शेतात केळी, थोडा ऊस, थोडा कापूस. पण आप्पांचा, म्हणजे सासऱ्यांचा, जीव केळीत. त्यांचं सगळं शहाणपण केळीतूनच आलेलं आहे. घड झाडावरून उतरला की त्याला जितके हात लागतील तितके डाग पडतात, हा त्यांचा पहिला धडा. कापणाऱ्याचा एक हात, बांधावर नेणाऱ्याचा दुसरा, फण्या काढणाऱ्याचा तिसरा, धुणाऱ्याचा चौथा, खोक्यात भरणाऱ्याचा पाचवा. ज्याच्या मालाला कमी हात लागले त्याचा माल चांगला. इथपर्यंत ठीक आहे, कोणीही शेतकरी हेच सांगेल. पण आप्पांनी हा नियम उचलून माणसांच्या सामानाला लावला.

त्या निळ्या वहीत प्रत्येक गावाचं एक पान आहे. पानावर रकाने: एसटी, ट्रॅव्हल्स, रेल्वे, जीप. भाडं ते लिहीत नाहीत, वेळही कोपऱ्यात बारीक अक्षरात. प्रत्येक रकान्याखाली मोठा आकडा असतो आणि त्याच्यापुढे लिहिलेलं असतं: हात. म्हणजे घरातून निघून मुक्कामाला पोचेपर्यंत सामान किती वेळा उचलावं आणि ठेवावं लागेल. आकडे झाले की तुलना सुरू. तुलना चालू असताना लग्नं लागून जातात, यात्रा उठून जातात, एकदा तर आईंच्या मावसबहिणीच्या मुलाचं बारसं होऊन तो मुलगा चालायला लागला तरी आमचं नक्की नव्हतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सरलाबाई. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, आणि या एक्केचाळीस वर्षांत त्यांची पिशवी किती वेळा भरली आणि किती वेळा रिकामी झाली हे मोजायला आणखी एक वही लागेल.

हे हातांचं वेड आलं कुठून, हे मला लग्नानंतर सहा-सात वर्षांनी कळलं, तेही आमच्या आतेसासूबाई रंजनाबाईंकडून, पापड लाटता लाटता. योगेंद्र, म्हणजे माझा नवरा, तेव्हा आईंच्या कडेवर होता. आईंच्या वडिलांना सूरतेच्या दवाखान्यात ठेवलं होतं आणि भेटायला या असा निरोप आला. आप्पांनी दोन दिवसांत तयारी केली. तिथं राहावं लागलं तर म्हणून गोधड्या, भांडी, स्टोव्ह, सगळं एका पत्र्याच्या पेटीत भरलं. पेटी एसटीच्या टपावर बांधली. सूरतेला उतरल्यावर पेटी निघेना, वर लोकांची पोती होती. आप्पा म्हणाले, पाच मिनिटं थांब. आई लेकराला घेऊन थांबल्या. पाऊण तास गेला. दवाखान्यात पोचले तेव्हा वडिलांना जाऊन वीस मिनिटं झाली होती. त्यावर आई कधी एक शब्द बोलल्या नाहीत, ना तेव्हा, ना नंतर. आप्पा पण बोलले नाहीत. गावी आल्यावर त्यांनी दुकानातून एक वही आणली, एवढंच. ही त्यातली चौथी की पाचवी आहे.

तर मागच्या डिसेंबरात योगेंद्रनं मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि कोणाला न विचारता बटण दाबलं. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारं मोठं जहाज. जानेवारीतला शेवटचा शुक्रवार, दोन रात्री, आई-आप्पांसाठी खिडकीवाली खोली. आईंनी उभ्या जन्मात समुद्र बघितला नव्हता. त्यांनी जहाजाचा फोटो पाहिला, खूप वेळ पाहिला, आणि एकच प्रश्न विचारला. जहाज कोणासाठी थांबतं का? योगेंद्र म्हणाला, नाही आई, दुपारी तीनला दार बंद, पाचला जहाज सुटणार. आईंचा चेहरा उतरला. मोबाइल परत देताना हळूच मला म्हणाल्या, तिकिटावर तुझं नाव घालता येईल का बघ, निदान एक तरी जाईल. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. त्याच क्षणी मी ठरवलं, ही बाई जहाजावर चढली पाहिजे. मग आप्पांना पोत्यात घालून न्यावं लागलं तरी चालेल.

आप्पांनी त्याच संध्याकाळी वहीत नवं पान काढलं. वर लिहिलं: जहाज. खाली सहा आठवडे आकडे.

शहाद्याहून मुंबईची एसटी: घरातून ट्रॉलीत, ट्रॉलीतून स्टँडवर, स्टँडवरून बसच्या पोटात, मुंबईत पोटातून फुटपाथवर, फुटपाथवरून टॅक्सीत, टॅक्सीतून बंदरावर. हात सहा. त्यात डिक्कीचं दार अडकलं तर सामान आत सीटखाली, म्हणजे आणखी तीन, एकूण नऊ. डिक्कीचं दार अडकणार हे आप्पा धरूनच चालले होते. स्लीपर ट्रॅव्हल्स: मुंबईत कुठल्या तरी पुलाखाली उतरवतात, तिथून सामान रस्ता ओलांडून न्यायचं, अकरा. नंदुरबारहून सूरतमार्गे रेल्वे: रिक्षा, फलाट, जिना, बर्थखाली, पुन्हा फलाट, पुन्हा जिना, पुन्हा टॅक्सी, तेरा. शिवाय नंदुरबारला मिरची बाजारावरून रिक्षा गेली की हमखास शिंक येते आणि शिंकताना मांडीवरची बॅग सुटते, त्याचा अर्धा. साडेतेरा. मी विचारलं, शिंकेचा हात वहीत कशाला धरता? ते म्हणाले, तू नंदुरबारला जाऊन न शिंकता ये, मी खोडतो.

सूरतेहून विमान हा योगेंद्रचा सल्ला. आप्पांनी चौकशी केली तर कळलं की विमानतळावर सामान एका पट्ट्यावर ठेवतात आणि ते पडद्याआड जातं. पुढं किती हात लागतात ते दिसतच नाही. न दिसणारा हात त्यांना मंजूर नाही. राहिली आमची घरची गाडी. हात फक्त चार. पण डिक्कीत दोनच बॅगा बसत होत्या आणि सामान पाच बॅगांचं. योगेंद्र पटकन बोलून गेला की बाकीच्या टपावर बांधू. आप्पा उठून शेतात निघून गेले आणि अंधार पडला तेव्हा परतले. टप हा शब्द आमच्या घरात कोणी काढत नाही, हे त्या खुळ्याला चाळिशी आली तरी लक्षात राहत नाही.

दोन रात्रींना पाच बॅगा कशाला, हे तुम्ही विचाराल. मी पण विचारलं. आईंच्या नऊ साड्या होत्या, त्या मी समजू शकते. बाकी सगळं आप्पांचं. घोंगडी, दोन उशा, तीन स्वेटर, टॉर्च, सुताची दोरी, जहाजाचं पाणी खारं निघालं तर म्हणून पाण्याची कॅन, अडीच किलो शेव, आणि जहाजाच्या कप्तानाला भेट म्हणून आपल्या शेतातली हिरवी केळी. कप्तानाला घरचा माल दाखवावा, असं त्यांच्या मनात होतं.

आईंनी या सगळ्यात एकच गोष्ट केली. माझ्याबरोबर शहाद्याला येऊन हस्तीमलशेठच्या दुकानातून एक लाल बॅग घेतली, चार चाकांची, उभी चालणारी. स्वतःसाठी पसंत करून घेतलेली त्यांची ती पहिलीच वस्तू असावी. रोज सकाळी अंगण झाडून झालं की त्या बॅग काढायच्या आणि तुळशीपासून गोठ्यापर्यंत ओढत न्यायच्या, मग परत. म्हशी कान टवकारून बघायच्या. मला म्हणाल्या, जहाजाच्या फोटोत बघ, सगळ्या बाया अशाच चालतात, डोक्यावर कोणी काही घेत नाही.

जायला चार दिवस उरले तरी आकडा नऊ आणि साडेतेराच्या मध्ये लटकलेला. मी देवाला हात जोडायचे सोडले होते. आणि सोमवारी आप्पा शेतातून आले ते चेहऱ्यावर तेज घेऊन. बुधवारी आमच्या केळीची कटती, म्हणजे घड उतरवायचा दिवस, होता. माल खोक्यांत भरून दोधूच्या ट्रकनं वाशीला जाणार होता. दोधू आमचा नेहमीचा ड्रायव्हर, भरवशाचा माणूस. आप्पांनी वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं. शेतात चढवणारा एक, वाशीला उतरवणारा दोन, तिथून टेंपोत तीन, बंदरावर चार. हात चार, टप नाही, जिना नाही, शिंक नाही. माणसांनी मात्र रेल्वेनं मोकळ्या हातानं जायचं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी एका रकान्याभोवती गोल केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पण आप्पा तिथंच थांबले असते तर ते आप्पा कसले. बुधवारी सकाळी त्यांनी भरलेल्या पाचही बॅगा ओसरीवर उपड्या केल्या. म्हणे, बॅगेचं हँडल तुटतं, चाक अडकतं, बॅगेवर बॅग नीट बसत नाही. केळीच्या खोक्याला या कटकटी नाहीत. मग सगळं सामान केळीच्या पाच खोक्यांत गेलं. साडी, त्यावर फोमचा कागद, पुन्हा साडी, जशा फण्या रचतात तशा. वरून चिकटपट्टी. झाकणावर त्यांनी शाईच्या पेनानं लिहिलं: हिं. पा. सामान. मग ती पाचही खोकी ट्रकमध्ये सगळ्यात खाली, पुढच्या कोपऱ्यात ठेवली, कारण तिथं धक्का कमी. आणि त्यांच्यावर सातशे खोकी केळी.

मी बोलले. सुनेनं किती बोलावं याला मर्यादा असते आणि मी ती रोज ओलांडते, त्या दिवशी दोनदा ओलांडली. सातशे सारख्या खोक्यांत पाच सारखी खोकी, आणि नाव झाकणावर, आणि झाकणावर दुसरं खोकं. आप्पा शांतपणे म्हणाले, दोधूला सांगितलंय. आईंनी भांडण केलं नाही. त्यांनी नऊ साड्या मुकाट्यानं खोक्यात जाऊ दिल्या. फक्त लाल बॅग रिकामी करून पुसली आणि आपल्या बाजेजवळ उभी केली.

"रिकामी बॅग कशाला न्यायची?" आप्पांनी विचारलं. "उगाच एक हात वाढेल."

"तिला हात लागत नाही," आई म्हणाल्या. "तिला चाकं शेत." म्हणजे, चाकं आहेत.

गुरुवारी आम्ही चौघं नंदुरबारहून रेल्वेत बसलो. आई-आप्पा जायला, मी आणि योगेंद्र पोचवायला. खरं सांगायचं तर मी पहारा द्यायला. तिकिटं आणि आधार कार्डं आईंच्या कमरेच्या पिशवीत होती, आप्पांच्या गोळ्या पण. ही बाई चाळीस वर्षांत काही शिकली असेल तर हेच की गरजेच्या वस्तू आप्पांच्या तुलनेत जाऊ द्यायच्या नाहीत. आणि हो, रिक्षा मिरची बाजारावरून गेली तेव्हा आम्ही चौघंही शिंकलो. आप्पांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

शुक्रवारी सकाळी अकराला आम्ही बंदरावर. बाहेरूनच जहाज दिसत होतं, पांढरंशुभ्र, आमच्या साखर कारखान्यापेक्षा उंच. आई मान वर करून बघत राहिल्या आणि त्यांचा पदर डोक्यावरून घसरला तरी त्यांना कळलं नाही. ठरल्याप्रमाणे दोधू अकराला टेंपोतून खोकी घेऊन येणार होता. साडेअकरा झाले, बारा झाले. दोधू फोन उचलेना. बाकीचे लोक चाकांच्या बॅगा ओढत आत चालले होते. आप्पा दर दहा मिनिटांनी वही उघडून बघत होते, जणू दोधू त्या पानातून बाहेर येणार होता.

सव्वाला दोधूचा फोन आला. आवाज रडका.

"आप्पा, मन्ही चूक शे. मी केबिनमां झोपी गयथू. समदा खोका सारखाच दिखतस."

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. गुरुवारी सकाळी ट्रक वाशीला पोचला. रात्रभर गाडी चालवलेला माणूस, तो केबिनमध्ये आडवा झाला. हमालांनी माल उतरवला. सातशे पाच खोकी उतरवली आणि सातशे पाच खोकी केळी पिकवायच्या खोलीत नेऊन रचली. आमच्याकडे त्याला चेंबर म्हणतात. थंडगार बंद खोली, आत गॅस सोडतात, चोवीस तास दार उघडत नाहीत. चेंबर बंद झाला गुरुवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे उघडणार शुक्रवारी संध्याकाळी सहाला. शुक्रवारी सकाळी टेंपो घेऊन खोकी आणायला गेला तेव्हा दोधूला हे कळलं, आणि भीतीनं त्यानं दुपारपर्यंत फोन उचलला नाही. आणि जहाज सुटणार पाचला. आईंच्या नऊ साड्या, दोन उशा आणि अडीच किलो शेव तिकडे पिकत होती.

योगेंद्रनं कपाळाला हात लावला. मी दोधूला काय बोलले ते इथं लिहीत नाही. पुढचं ऐका. दोधूनं फोन चेंबरवाल्याच्या हातात दिला. तो माणूस भला. म्हणाला, काका, तुमचं जहाज चुकत असेल तर मी दार उघडतो, माझ्या जबाबदारीवर. टेंपो तासाभरात बंदरावर पोचेल. मी मनात म्हटलं, सुटलो. आणि आप्पा, जे सहा आठवडे एका आकड्यावर टिकले नव्हते, ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, नाही. दार उघडायचं नाही. आत फक्त आपला माल नाही, चार शेतकऱ्यांचा आहे. मध्येच दार उघडलं तर अर्धी केळी पिवळी, अर्धी हिरवी राहतील. लोकांच्या वर्षाच्या मेहनतीवर मी माझी घोंगडी काढू का? फोन ठेवून दिला.

खोटं का बोलू, मला त्या वेळी सासऱ्यांचा अभिमान वाटला. फार वेळ टिकला नाही. कारण फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी कानावरचं पेन काढलं, वही बंदराच्या भिंतीला टेकवली आणि नवे रकाने आखले. सहाला दार उघडल्यावर खोकी घेऊन वाशीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं थेट गोव्याला जायचं आणि तिथं जहाज पकडायचं, हा पहिला रकाना. कोकणातून रेल्वे, दुसरा. टेंपो भाड्यानं, तिसरा. योगेंद्र सांगून थकला की आप्पा, गोव्याला असं मधून कोणाला चढू देत नाहीत. ते म्हणाले, विचारायला काय जातं. तेव्हा अडीच वाजत आले होते. आत जायच्या दारापाशी एक मुलगी लोकांना लवकर चला, लवकर चला म्हणत होती. रांग संपत आली होती. मी आईंकडे बघितलं. त्या जहाजाकडे बघत नव्हत्या. त्या आप्पांच्या हातातल्या पेनाकडे बघत होत्या.

मग त्या उठल्या. आवाज चढवला नाही, वही ओढून घेतली नाही.

"सूरतेला मी पेटीजवळ उभी राहिले," त्या म्हणाल्या.

आप्पांचं पेन थांबलं.

"तुम्ही म्हणालात पाच मिनिटं, मी उभी राहिले. चाळीस वर्षं झाली. आज मी सामानासाठी उभी राहणार नाही. तुम्हाला यायचं असेल तर या."

आणि त्यांनी लाल बॅगेचा दांडा वर ओढला आणि चालू लागल्या. रिकामी बॅग फार आवाज करते. त्या फरशीवरून ती गडगडत निघाली आणि सगळे वळून बघायला लागले. पण आईंनी मागं पाहिलं नाही.

योगेंद्र काही बोलायला गेला, मी त्याचा हात दाबला. आप्पा भिंतीशी उभे होते. त्या माणसावर अठरा वर्षं चिडण्यात गेली माझी, पण त्या क्षणी मला त्यांचं फार वाईट वाटलं. चाळीस वर्षं हे दोघं एका घरात त्या पाऊण तासाला टाळून वावरले होते. एक बोलली नाही आणि एकानं त्यावर पाच वह्या लिहिल्या. मला वाटलं, आता हे खाली बसतील.

आप्पांनी पेन खिशात ठेवलं. वही मिटली. आणि माझे सासरे, ज्यांना मी शेताच्या बांधावर सोडून कुठंच भरभर चालताना पाहिलं नव्हतं, ते अक्षरशः पळाले. एका हाताने धोतराचा सोगा धरलेला, दुसऱ्यात वही. काचेच्या भिंतीतून आम्हाला सगळं दिसत होतं. सामान तपासायच्या यंत्रापाशी त्यांनी आईंना गाठलं. काहीतरी म्हणाले. आईंनी बॅग आडवी केली, चेन उघडली. आप्पांनी निळी वही त्या एवढ्या मोठ्या बॅगेत ठेवली, चेन लावली, आणि बॅग स्वतः उचलून पट्ट्यावर ठेवली.

यंत्राजवळच्या शिपायानं पडद्याकडे बघितलं, मग बॅगेकडे, मग या दोघांकडे. नंतर आईंनी मला सांगितलं की त्यानं हिंदीत विचारलं, इतक्या मोठ्या बॅगेत एकच वही, बाकी सामान कुठं आहे? आईंचं हिंदी बाजारापुरतं. त्यांनी जे खरं होतं ते सांगितलं.

"सामान पकने को रख्या है," त्या म्हणाल्या.

शिपायानं हातानंच आत जा म्हणून खुणावलं. तीनला सात मिनिटं कमी असताना ते दोघं आत गेले.

शनिवारी दुपारी आईंचा व्हिडिओ कॉल आला. मागं समुद्र, निळाच्या निळा, आणि आई सारखा मोबाइल तिकडेच वळवत होत्या, त्यामुळे मला आप्पा दिसायला वेळ लागला. दिसले तेव्हा मी मोबाइल उशीवर टाकून हसले. एकच धोतर, तेही धुवायला गेलेलं, म्हणून साहेब जहाजावरच्या पांढऱ्या टॉवेलच्या झग्यात बसले होते, दोरी पोटावर बांधून. हातात नाश्त्याचं केळं. ते कॅमेऱ्याजवळ धरून मला दाखवलं आणि म्हणाले, बघ कामिनी, याला कमीत कमी वीस हात लागलेत. आईंनी ते केळं त्यांच्या हातातून घेतलं आणि खाऊन टाकलं.

खोकी रविवारी दोधू परत घेऊन आला, डोकं खाली घालून. नऊच्या नऊ साड्यांना पिकल्या केळीचा वास, तो अजून गेलेला नाही. शेव मऊ पडली. कप्तानासाठी ठेवलेली केळी मात्र अशी सुंदर सोनेरी पिकली होती की चेंबरवाल्यानं खास फोन करून सांगितलं. आप्पांना मी ते सांगितलं नाही, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा पाठवतील.

सोमवारी दोघं घरी आले. आई थेट गोठ्याकडे गेल्या आणि म्हशींना जहाजाबद्दल सांगायला लागल्या. आप्पा झोपाळ्यात बसले आणि लगेच त्यांचा डोळा लागला. मी लाल बॅग आत नेली. चेन उघडली तर आत जहाजावरचा एक साबण, आईंनी गोव्याच्या किनाऱ्यावरून उचललेले शिंपले, आणि निळी वही. वही मला कधी कोणी उघडू दिली नव्हती, मी पण कधी मागितली नव्हती. त्या दिवशी उघडली.

जहाजाचं पान शेवटचं होतं. सगळे रकाने तिरक्या रेघेनं खोडलेले, एसटी, ट्रॅव्हल्स, रेल्वे, ट्रक, वाशीहून गोवा, सगळे. साडेतेरापण. खाली, जहाज हलत असताना लिहिलेलं असावं, कारण अक्षर वाकडंतिकडं होतं. आप्पांनी वहीत माणसांचं नाव कधी लिहिलं नव्हतं, कायम सामानच. इथं हात किती ते लिहिलं नव्हतं. एकच ओळ होती.

सरला वेळेवर पोचली.